जळोचीच्या एकवीस शाली

जोतीराम भापकरांचा अपमान झाला तो भर सभेत, टाळ्यांच्या कडकडाटात. पण तो झालाय हे त्यांना घरी येईपर्यंत कळलं नाही.

निमगाव केतकीच्या एका वाचनालयानं त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. जोतीरामतात्या हे बारामतीतल्या एका पतसंस्थेचे निवृत्त शाखाधिकारी, मुक्काम जळोची, आणि तिथल्या स्नेहदीप कॉलनीच्या ज्येष्ठ मंडळाचे सचिव. एवढं भांडवल आमच्या तालुक्यात प्रमुख पाहुणा व्हायला रग्गड झालं. शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा झाला. तात्या पाऊण तास बोलले. लोक जेवणाच्या वासावर तग धरून बसले. मग तात्या एसटीनं घरी आले, ती शाल पिशवीत न घालता हातावर टाकून, म्हणजे बघणाऱ्याला दिसावी.

घरी द्वारकाबाईंनी शाल उलगडली, तिचं एक टोक उलटं करून डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, "ही आपलीच हाय."

"आपलीच म्हंजे काय, मला दिलीया त्यांनी."

"तसं न्हवं ओ. ही आपल्याच घरातनं गेलेली हाय. हा बघा माझा दोरा."

टोकाला लाल दोऱ्याचा एवढासा टाका होता. आता हा टाका काय, ते सांगायला पाहिजे. आमच्याकडं सत्काराशिवाय आठवडा जात नाही. पोरगं दहावी सुटलं, सत्कार. कोणी सोसायटीचा संचालक झाला, सत्कार. कोणी हजहून आला, कोणी चारधामहून आला, कोणाच्या म्हशीनं प्रदर्शनात नंबर काढला, सत्कार. म्हशीला घालता येत नाही म्हणून मालकाला घालायची. आणि सत्कार म्हटला की शाल. ही शाल एकदाच दुकानातून निघते. त्यानंतर ती प्लास्टिकच्या पिशवीतच या खांद्यावरून त्या खांद्यावर, या कपाटातून त्या कपाटात फिरत राहते. तिनं कोणाची थंडी घालवल्याचं ऐकिवात नाही. फक्त ज्यानं दिली त्यालाच ती परत जाऊ नये, नाहीतर तोंड दाखवायला जागा उरत नाही. म्हणून द्वारकाबाई घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक शालीला लाल टाका घालत.

"सांगवीच्या हेडमास्तरांना दिलेली मी," त्या म्हणाल्या.

"म्हंजे मला त्या हेडमास्तरची उष्टी शाल घातली?"

"त्यांना तरी आपण कुठं नवी दिलेली? ती तुमच्या रिटायरला आलेली."

इथं मात्र तात्या खुर्चीत बसले. तीन वर्षांपूर्वी निवृत्तीच्या दिवशी ज्या शालीनं त्यांचा सत्कार झाला, तीच शाल फिरून फिरून आज प्रमुख पाहुण्याच्या मानाची म्हणून परत आली होती. आणि तो निवृत्तीचा सत्कार तरी कसला! पाच जणांचा एकत्र. पाहुण्यांना पुढं लग्न गाठायचं होतं. तात्या पाचवे. शाल पाठीमागून पडली आणि फोटोत तात्यांचा फक्त कान आला. तो फोटो द्वारकाबाईंनी लावलाय अजून, फ्रेम करून. येणाऱ्याला सांगावं लागतं, की हा कान यांचा.

तेव्हापासून तात्यांची एकच इच्छा होती. पुढच्या वर्षी एकसष्टी होती. त्या दिवशी आपला एक खरा, भारदस्त, समोरून सत्कार व्हावा. माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळतो, त्यानं एवढी अपेक्षा ठेवू नये का? ठेवावी. पण जी शाल सगळ्यांच्याच अंगावरून जाते, तिनं कसला आलाय मान?

तात्यांचा आणि अर्थशास्त्राचा संबंध पतसंस्थेत जेवढा येतो तेवढाच, म्हणजे बेताचा. पण निवृत्तीनंतर त्यांना मोबाईलवर व्याख्यानं ऐकायचा नाद लागला होता. सोनं का चढतं? कारण ते रोज उगवत नाही. नोटा का घसरतात? कारण त्या छापता येतात. संगणकातलं ते मर्यादित नाणं आभाळाला का भिडलं? कारण ते ठराविकच आहे. तात्यांना एकदम उजेड पडला. सत्काराची किंमत घसरली, कारण शालींचा महापूर आलाय!

हा उजेड त्यांनी पहिल्यांदा दाखवला तो शेजारच्या गेणबांना. गेणबा पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते. त्यामुळं कोणतीही गोष्ट कमी सोडली की लोक तिच्यासाठी कसे भांडतात, याचा त्यांना तीस वर्षांचा अनुभव.

"बराबर हाय तात्या," गेणबा म्हणाले. "पाणी वाहतंय तवर कोन इचारत न्हाय. आवर्तन बंद केलं की साहेब साहेब करत येत्यात."

झालं. मंडळाची सभा भरली आणि ठराव झाला. एकवीस शाली खास विणून घ्यायच्या, जरीकाठाच्या, प्रत्येकीवर भरतकामात नंबर. बाविसावी कधीच काढायची नाही, कोणी पाया पडलं तरी. ज्याला शाल मिळेल त्यानं ती पुढच्या लायक माणसाला मोठ्या मनानं द्यायची. आणि असल्या शालीशिवाय झालेला सत्कार हा सत्कार धरायचा नाही. तात्यांनी उदारपणे जाहीर केलं, की आपण संस्थापक असल्यानं आपल्याला पहिल्या वाटपात शाल नको. मनात त्यांनी धरलं होतं, की वर्षभरात एखादी फिरत फिरत एकसष्टीपर्यंत येईलच.

ऑर्डर द्यायला ते महंमदभाईंकडं गेले. महंमदभाईंचं स्टँडजवळ सत्कार-साहित्याचं दुकान: शाली, फेटे, हार, मोमेंटो. ते तालुक्यातल्या प्रत्येकाला डोक्याच्या मापानं ओळखतात.

"देतो विणून," महंमदभाई म्हणाले. "पर तात्या, एक इचारू? शाल फिरती म्हून कार्यक्रम हुतो. कार्यक्रम हुतो म्हून माझा फेटा खपतो, हार खपतो. ही तुमची शाल एवढी भारी झाली तर देनार कोन?"

"चांगली गोष्ट जपून ठेवली तर समाज श्रीमंत हुतो, महंमदभाई."

"समाजाचं मला म्हाईत न्हाय. माझ्याकडं हजारभर फेटं पडून हायेत."

तात्या हसले. दुकानदाराला दूरचं दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. ते स्वतःच्या चष्म्याशिवाय मांडलेलं होतं, ते सोडा.

शाली विणून आल्या आणि नंबर एक तेवढी नमुन्याला ठेवून बाकीच्या वीस वाटल्या गेल्या. आता योजनेची नोंदणी करावी असं तात्यांच्यातल्या शाखाधिकाऱ्याला वाटलं. इंदापूरच्या एका कार्यालयात ते गेले. (नाव विचारू नका, तिथं अजून काम पडतं.) तिथल्या बाबूनं अर्ज वाचला आणि विचारलं, ही संस्था आहे, न्यास आहे, की कापड आहे? तात्या म्हणाले, मूल्य आहे. बाबू म्हणाला, मूल्याचा रकाना नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाला, कापड असेल तर वजनमापवाल्यांकडं जा. वजनमापवाल्यांनी शाल लांबीनं मोजली, बरोबर आहे म्हणाले आणि परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला आतल्या साहेबांनीच बोलावलं, नंबर एकच्या शालीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आम्हाला कोण विचारतो हो? एवढी वर्षं खुर्चीत काढली, कोणी एक नारळ दिला नाही." तात्या समजले. नंबर एक तिथंच साहेबांच्या खांद्यावर पडली, बाबूनं फोटो काढला. पुढच्या आठवड्यात साहेबांची बदली झाली ती पार पूर्व विदर्भात. शाल घेऊन गेले. अर्ज मात्र इथंच राहिला.

तात्या खचतील असं वाटलं होतं. पण कॉलनीत वेगळंच झालं. "वीसच राहिल्या!" अशी कुजबुज झाली आणि ज्यांना शाली मिळाल्या होत्या त्यांची छाती दोन बोटं पुढं आली.

महिन्याभरात सांगवीचे पैलवान आबा वारले. त्यांना सात नंबरची शाल मिळाली होती. घरच्यांनी शेवटचा मान म्हणून ती त्यांच्या अंगावर घातली. अंत्ययात्रेत गेणबा तात्यांच्या कानाशी लागले.

"तात्या, गेली ओ."

"व्हय, लई मोठा मानूस गेला."

"मानूस न्हवं. शाल."

तात्यांनी गंभीर चेहरा केला. पण एकोणीस हा आकडा त्यांच्या मनात आपोआप उमटला आणि आतून गुदगुल्या झाल्या, हे खोटं कशाला बोला? श्रद्धांजलीला उभ्या राहिलेल्या माणसांत आणखी तीन शालवाले होते. त्यांचेही ओठ हलत होते, आणि ते देवाचं नाव घेत नव्हते.

मग शालींची जी काही हवा झाली, ती विचारू नका! नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी बाशिंग बांधून बसलेल्या दिग्विजयनं आपली शाल बँकेच्या लॉकरात ठेवली. त्याच्या आईचे दागिने आत मावेनात, म्हणून ते बाहेर काढले. निमगावच्या एका स्थळानं मुलाच्या माहितीत लिहिलं: बागायत चार एकर, विहीर, शाल. सांगवीत दोन भावांच्या वाटणीत ट्रॅक्टरवरून तडजोड झाली. शालीवरून सहा सहा महिन्यांचा करार करावा लागला. गेणबांनी आपली शाल कडुलिंबाचा पाला घालून गव्हाच्या कणगीत पुरली आणि कणगीवर स्वतः झोपायला लागले.

तात्या रोज फेरफटका मारत आणि कोणाची शाल किती चढली ते ऐकत. एवढं कौतुक त्यांना पतसंस्थेच्या ठेवींचंही कधी वाटलं नव्हतं.

आणि साध्या शाली? त्यांना आता कोणी विचारेना. सत्कार धरायचाच नाही म्हटल्यावर त्या ठेवायच्या कशाला? बायकांनी कपाटं रिकामी केली. कोणी गाईच्या गोठ्यात लावल्या, कोणी ऊसतोडीच्या लोकांना वाटल्या, बाकीच्यांच्या गोधड्या शिवल्या. सत्काराच्या शालीनं पहिल्यांदाच कोणाची थंडी घालवली, हे या योजनेचं एकमेव फळ.

फक्त सत्कार होईनात.

कॉलनीतल्या कौसल्याबाईंची संस्कृती एसटीत ड्रायव्हर म्हणून लागली. बारामती-इंदापूर गाडी पोरगी चालवती, हे बघायला लोक वाट वाकडी करून स्टँडवर जात. तिचा सत्कार करायचा हे सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. पण शाल कोणाची द्यायची? दिग्विजय म्हणाला, माझी दिली असती, पण दिवाळीपर्यंत आणखी चढणार आहे. गेणबा म्हणाले, पोरगी अजून प्रोबेशनवर आहे. तात्या म्हणाले, घाई नको, खरी शाल मिळू दे, मग थाटात करू. संस्कृती सहा महिने ते "मग" ऐकत गाडी चालवत राहिली. असंच रिटायर झालेल्या पोस्टमनचं झालं, दहावीच्या पोरांचं झालं. कोणी कमी लायक होतं म्हणून नव्हे. देणाऱ्याला सोडवत नव्हतं म्हणून.

कौसल्याबाई कार्यक्रमांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेत. एक दिवस त्या थेट तात्यांच्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या.

"तात्या, तुमची शाल चढली म्हनं?"

"चढली की! दुप्पट मान हाय आता."

"मग माझ्या कढया का उतरल्या? आधी आठवड्याला तीन पंगती हुत्या. आता मांडववाला घरी, हारवाला घरी, बँडवाला उसाच्या खेपा करतोय. महंमदभाईंनी दुकान अर्धं भाड्यानं दिलं मोबाईल रिपेरवाल्याला. मान कुणाचा वाढला ते तरी सांगा. एकाच्या बी गळ्यात हार पडंना झालाय."

"मूल्य टिकवायचं तर थोडी कळ सोसावी लागती, कौसल्याबाई."

"तुमी सोसा की मग!" असं म्हणून त्या तरातरा गेल्या.

ती वेळ आलीच. एकसष्टी आठ दिवसांवर आली आणि तात्या शाल मागायला निघाले. ज्यानं गंगा अडवली त्यानंच तांब्या घेऊन निघावं, तशी गत. पहिल्यांदा दिग्विजय.

"तात्या, तुमच्यासाठी जीव देईन," दिग्विजय म्हणाला. "शाल तेवढी सोडून बोला."

सांगवीच्या दोघा भावांपैकी प्रत्येकानं ती सध्या दुसऱ्याकडं आहे असं सांगितलं. निमगावच्या स्थळाचं लग्न जमलं होतं, पण सुनेच्या बापानं शाल अजून पाहिली नव्हती, त्यामुळं ती हलवता येत नव्हती. शेवटी तात्या गेणबांच्या कणगीसमोर उभे राहिले.

"गेणबा, आपली तीस वर्षांची दोस्ती."

"व्हय."

"एक दिवस. फकस्त एकसष्टीपुरती."

गेणबांनी मान खाली घातली. "तात्या, वाईट वाटून घिऊ नका. पर तुमीच शिकवलंय. जी गोष्ट वाढतीय ती हातातनं सोडनारा येडा असतो."

तात्यांना स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्यात किती दुष्टपणा आहे ते कळलं. ते घरी आले, फ्रेममधल्या कानाकडं बघत बसले आणि जेवले नाहीत. द्वारकाबाईंनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. चपला घातल्या आणि कौसल्याबाईंकडं गेल्या.

एकसष्टीच्या संध्याकाळी कॉलनीच्या समाजमंदिरात तात्या स्टेजवर बसले. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर महंमदभाईंनी स्वतः बांधलेला फेटा, खांदे मात्र मोकळे. मागून मसालेभाताचा वास येत होता, तेव्हा माणसं बऱ्यापैकी जमली होती. ड्यूटीवरून थेट आलेली संस्कृती खाकी कपड्यांत तिसऱ्या रांगेत बसली होती.

दिग्विजय पुढं आला. त्यानं मोबाईल काढला आणि त्यावरचा शालीचा फोटो सभेला दाखवला. "लॉकर आज बंद हाय," तो म्हणाला, "पर मालकी पक्की हाय. तात्या, फोटो खांद्याला लावला तर चालंल का?" आणि खरोखरच त्यानं मोबाईल तात्यांच्या डाव्या खांद्याला टेकवला. एका पोरानं टाळी वाजवली. तात्यांनी खांदा हळूच बाजूला घेतला.

मग गेणबा उठले. त्यांना राहवलं नव्हतं. काखेतलं गाठोडं त्यांनी टेबलावर सोडलं आणि शाल झटकून उभी धरली. तिच्यातून पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती. कसर लागली होती. जरीचा काठ आणि नंबर तेवढा शाबूत, मधे नुसती जाळी. गेणबांचं तोंड एवढंसं झालं. आठ महिने ज्याच्यावर झोपले ते असं निघालं! लोक हसले, पण लॉकरवाले आणि पेटीवाले हसले नाहीत. चार जण तर हळूच उठून घरी शाल बघायला पळाले.

तेवढ्यात द्वारकाबाई स्टेजवर चढल्या. त्यांनी पदराखालून एक जुनी शाल काढली. टोकाला लाल टाका होता.

"बारामतीत असली एकच उरलीय आता," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांच्या गोधड्या झाल्या. माझ्या बी. ही तेवढी ठिवली. यांच्या रिटायरची हाय."

आणि त्यांनी ती तात्यांच्या खांद्यावर घातली. समोरून.

तात्यांना भरून आलं. खोटं नाही, त्यांना हुंदकाच आला. टाळ्या पडल्या, खऱ्या पडल्या. महंमदभाईंनी फोटो काढला, त्यात दोन्ही कान आले. तात्यांनी शाल छातीशी घट्ट ओढून घेतली. इतकी वर्षं ती किती मऊ होती, हे त्यांनी बघितलंच नव्हतं.

"आता ती संस्कृतीला द्या," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या.

"देतो. जरा वेळ ऱ्हाऊ दे की."

"किती वेळ?"

ही एकच उरलीय, हे तात्यांच्या कानात घुमत होतं. एकच! एकवीसही नाही. त्यांनी खाली पाहिलं तर शालीच्या टोकांवर त्यांच्याच मुठी आवळलेल्या होत्या, अगदी गेणबा कणगीवर हात ठेवायचे तशा. तात्यांना स्वतःची लाज वाटली. द्वारकाबाईंनी एक एक बोट सोडवलं म्हणा, की त्यांनीच सोडलं म्हणा, शाल सुटली.

तात्या स्टेजवरून उतरले आणि तिसऱ्या रांगेत जाऊन त्यांनी ती संस्कृतीच्या खाकी खांद्यावर घातली. पोरगी गाडी चालवताना कधी बावरली नसेल तेवढी बावरली. मग संस्कृतीनं ती आईला घातली, कौसल्याबाईंनी महंमदभाईंना, महंमदभाईंनी पोस्टमनला. जेवणं दहाला सुरू झाली, कारण एकच शाल आणि सत्कारमूर्ती बत्तीस. हार संपले तेव्हा लोकांनी केळीची पानं वापरली. दुसऱ्या दिवशी महंमदभाईंकडं फेट्यांच्या तीन ऑर्डरी आल्या, आणि मोबाईल रिपेरवाल्याला जागा सोडायला महिन्याची मुदत मिळाली.

एकवीस शालींचं पुढं काय झालं ते ज्याचं त्याला माहीत. दिग्विजयची अजून लॉकरात आहे. तो म्हणतो, चढती आहे. असेलही. लॉकरचं भाडं तरी चढतंच आहे.

हिवाळ्यात निमगाव केतकीच्या वाचनालयानं तात्यांना पुन्हा बोलावलं. शाल खांद्यावर पडली आणि नारळ हातात घ्यायच्या आधी तात्यांची बोटं तिच्या टोकाकडं गेली. लाल टाका होता. त्याच्या शेजारी एक निळा होता, एक पिवळा होता, आणि कोण्या बाईनं हौसेनं घातलेला हिरवा होता. तात्या एवढे खूश झाले, की पाच मिनिटांत भाषण संपवलं. निमगावकर अजून त्या भाषणाचं नाव काढतात.

परतीच्या गाडीत ते शाल पांघरूनच चढले. ड्रायव्हरच्या सीटवर संस्कृती होती. तिनं आरशातून पाहिलं.

"तात्या, आली का परत?"

"आली," तात्या म्हणाले. "उद्या सांगवीला जायचीय."